अठरा पौंडांचा काटा

एकदा एका माणसाने आपल्या जुन्या गाडीकडून आणखी पन्नास घोड्यांचं बळ मिळवायचंच, असा हट्ट धरला. हट्ट वाईट नसतो बरं का. फक्त त्याला डोळे असावे लागतात. कोल्हापूरकडच्या एका फौंड्रीत ओतकामावर देखरेख करणारा हा इंद्रजित, वय अडतीस. गाडी बावीस वर्षांची, टर्बोची. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. हवा वाढली की पेट्रोलही वाढवून जाळता येतं आणि जोर वाढतो. एवढं गणित इंद्रजितला तोंडपाठ होतं.

दरवर्षी एक दिवस घाटाचा रस्ता बंद करून तिथे चढाईची शर्यत होई. सकाळी चाचणी. जो तीन मिनिटांच्या आत माथा गाठेल, तोच दुपारच्या शर्यतीला पात्र. इंद्रजित सलग तीन वर्षं चाचणीतच बाद झाला होता, कधी सात सेकंदांनी तर कधी नऊ. यंदा आयोजकांनी कळवलं, की पुढच्या वर्षापासून वीस वर्षांवरच्या गाड्यांना प्रवेश नाही. झालं! आता नाही तर कधीच नाही. दुसरी गाडी घे, असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण ही गाडी त्याने भंगारातून उचलून एकेक नट जोडत उभी केली होती. माथा गाठायचा तर हिलाच घेऊन, नाहीतर नाही.

मग त्याने काय केलं? टर्बोचा दाब वाढवला. कंपनीने तो बारा पौंडांवर ठेवलेला. इंद्रजितने स्क्रू पिळून अठरावर नेला. समोर दाबाचा काटा बसवून घेतला. काटा सर्रकन अठरावर गेला की याची छाती फुगायची. गाडी मात्र सरावाच्या चढावर पूर्वीपेक्षाही रेंगाळू लागली आणि वर इंजिनातून खडखड आवाज यायला लागला. शर्यतीला आठ दिवस उरले होते. तेव्हा स्वारी इलाही वस्तादांच्या गॅरेजात थडकली.

वस्तादांनी सत्तरी ओलांडली होती. ट्रकांच्या टर्बोंवर त्यांची उभी हयात गेलेली. इंद्रजित पंधरा वर्षांपूर्वी पाना धरायला शिकला तो त्यांच्याच हाताखाली.

"वस्ताद, बावीस पौंड करून द्या," इंद्रजित म्हणाला. "इंजिन फुटलं तर फुटू दे. यंदा माथा गाठायचा म्हंजे गाठायचा."

वस्तादांनी बॉनेट उघडलं. इंजिन चालू करायला लावून त्यांनी खडखडीला कान दिला. मग म्हणाले, "इंद्रा, दाढीचा साबण आणि ब्रश घेऊन ये."

"कुणाच्या दाढीचा, वस्ताद?"

"तुझ्या म्हणालो तर आणणार न्हाईस व्हय? जा."

तो घेऊन आला. वस्तादांनी टर्बोचं हवा ओढण्याचं तोंड झाकणाने घट्ट बंद केलं, झाकणाला टायरमध्ये हवा भरायची नळी लावली आणि आत हळूहळू हवा सोडली. मग वाटीत साबणाचा दाट फेस करून ते इंजिनाच्या पाइपांना ब्रशने फासू लागले. गॅरेजातली कामं थांबली. "वस्ताद, गाडीला बोहल्यावर चढवताय काय?" कुणीतरी म्हणालं आणि खसखस पिकली. इंद्रजितचे कान लाल झाले. आठ दिवस हातात, आणि म्हातारा गाडीची दाढी करतोय! त्याला मनापासून राग आला.

एवढ्यात खालच्या रबरी पाइपाच्या सांध्यावर फेसाचा बुडबुडा फुगला. फुटला. पुन्हा फुगला. शेजारी आणखी एक. पाइप बोटभर चिरलेला होता.

वस्तादांनी हवेची नळी बंद केली. त्यांनी समोरच्या काट्याची बारीक नळी शोधली. टर्बोतून हवा बाहेर पडते, त्या तोंडाशीच ती जोडलेली होती. इंद्रजितनेच जोडली होती, कारण तिथे हात सहज पोचत होता. वस्तादांनी ती तिथून काढली, जिथे हवा प्रत्यक्ष इंजिनात शिरते तिथे जोडली आणि म्हणाले, "फौंड्रीच्या मागच्या चढावर एक चक्कर मारून ये."

इंद्रजित परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "दहा," तो म्हणाला. "काटा दहाच्या वर सरकंना."

"उरलेले आठ कुठं गेले?"

"थोडे चिरेतनं गेले."

"आणि बाकीचे?"

 वस्तादांनी टर्बोतून इंजिनाकडे जाणारी हवा वाटेत थंड करणारी जाळी खोलून इंद्रजितपुढे ठेवली. बावीस वर्षांचं तेल आणि धूळ आत घट्ट बसलेली होती. "रॉकेलनं धू. काळं पाणी थांबंपर्यंत धू. मग बोलू."

इंद्रजितने रजा टाकली. पहिल्या दिवशी चडफडत धुतलं. दुसऱ्या दिवशी हात सोलवटले, तरी काळंच. तिसऱ्या दिवशी मात्र त्याला ईर्ष्या चढली. बघतोच म्हणाला, तू आधी थकतेस का मी! जेवायलाही तो उठेना. चौथ्या दिवशी दुपारी जाळीतून पडलेलं रॉकेल जसंच्या तसं स्वच्छ आलं. त्याने जाळी बसवली, नवा पाइप घातला, सांधे आवळले. वस्तादांनी पुन्हा फेस फासला. एकही बुडबुडा आला नाही.

मग वस्तादांनी पाना घेतला आणि दाबाचा स्क्रू उलटा फिरवला. अठरावरून थेट चौदावर.

"वस्ताद!" इंद्रजित ओरडलाच. "मी वाढवायला आलोय, तुम्ही कमी करताय? चेष्टा लावलीय काय माझी?"

वस्ताद स्टुलावर बसले. "पंगतीत वाढप्याला विचारून कुणाचं पोट भरलं ते कळतं का, लेका? तो सांगणार, मी अठरा पोळ्या वाढल्या. जेवणाऱ्याला विचार, ताटात किती पडल्या. तू टर्बोच्या तोंडाशी मोजत होतास आणि खूश होत होतास. पोचत न्हाई म्हणून तू आणखी पिळलंस. मग टर्बो जिवाच्या आकांतानं फिरला, हवा तापली, तापलेल्या हवेनं इंजिन खडखडलं. आता चौदातले तेरा पोचतील, तेही थंड. तुझी जिद्द खरी आहे, इंद्रा. ती वाटेत सांडू देऊ नको."

 अठरा आकडा समोर दिसत होता म्हणून इंद्रजित तीन महिने त्या आकड्यावर भाळून बसला होता, हे त्याला कळलं. लाज वाटली, आणि हायसंही वाटलं.

चाचणीच्या सकाळी आरंभरेषेवर उभा असताना त्याच्या खिशात पाना होता. दोन पौंड वाढवावेत, कुणाला कळणार आहे? हा मोह त्याला झाला, अगदी मनापासून झाला. त्याने पाना शेजारी उभ्या पंचाच्या हातात दिला आणि झेंडा पडताच गाडी सोडली. पहिल्या वळणावर गाडी मागे खेचली नाही. चौथ्या वळणावर, जिथे ती दरवर्षी दम टाकायची, तिथे ती एका लयीत चढत गेली. इंजिनाची खडखड नव्हती. इंद्रजित दात आवळून शेवटच्या चढाला भिडला.

दोन मिनिटं सत्तावन्न सेकंद.

माथ्यावर लोकांनी त्याला उचलून धरलं. दुपारच्या शर्यतीतला एक तरुण गर्दीतून वाट काढत आला आणि अधीरपणे विचारू लागला, "दादा, या जुन्या गाडीत टर्बो किती पौंडांवर लावलाय? खरं सांगा, वीस? बावीस?"

इंद्रजितने कपाळाचा घाम पुसला.

"टर्बो किती देतो ते विचारू नकोस," तो म्हणाला. "इंजिनाला तेरा पोचतात."

घरात पोरांना आणि वर्गात मुलांना बोलताना आपल्याला जोर वाढवावासा वाटतो, तेव्हा आधी एवढंच बघावं, की आपला काटा कुठे जोडलेला आहे, आपल्या तोंडाशी की त्यांच्या मनाशी.