राजाच्या जखमेचा तळ

एका राज्यात राजाची जखम बोलत असे. राजा वीरकेतूच्या मांडीत मांत्रिक कालभुजाचा बाण शिरला होता. बाण निघाला, पण जखम काही भरेना. रोज ती म्हणे, "मला शिवा." जो वैद्य शिवे, तो शेवटची गाठ मारताच दगड होई. असे सहा राजवैद्य हाती सुई धरून अंगणात उभे होते. सहावा सोमशर्मा. त्याची लेक पद्मला छावणीत सैनिकांच्या जखमा धूत असे.

राजाने आता तिला बोलावले. मंत्र्यांनी हर्षाने माना डोलावल्या. सातवे नाव आपले नाही, एवढाच काय तो हर्ष.

"तिसऱ्या सूर्यास्तापूर्वी जखमेचे तोंड बंद कर," राजा म्हणाला, "नाहीतर मस्तक जाईल. आणि तळ चाचपायचा नाही. सहाही जणांना हीच आज्ञा होती."

पद्मला बाहेर पडली. शिवावे तर दगड, न शिवावे तर तलवार. ती अंगणात बापाच्या दगडी पायांशी जाऊन बसली. त्याच्या खांद्यावर एक साळुंकी होती.

"पोरी, तीन कामे कर," साळुंकी म्हणाली. "धू. भर. तळ गाठ."

"तळाला मनाई आहे."

"म्हणूनच तुझा बाप दगड झाला," साळुंकी म्हणाली आणि पंख खाजवू लागली.

पहिल्या दिवशी पद्मलेने मीठ घालून पाणी उकळले, निववले, कोपरापर्यंत हात धुतले आणि जखमेत बारीक धार धरली. काळे पाणी वाहिले. परातीत पडताच ते हसले. तरी पद्मलेने धार तुटू दिली नाही. सातव्या घागरीला पाणी नितळ आले.

दुसऱ्या दिवशी तिने जुन्या मऊ धोतराची नऊ हात अखंड पट्टी उकळली, मिठाच्या पाण्यात भिजवून पिळली आणि कडुलिंबाच्या गुळगुळीत काडीने जखमेत अलगद सोडली. ठासायचे नाही, पण आतला एकही कोपरा रिकामा ठेवायचा नाही. शेवटचे टोक तिने बाहेर ठेवले. तोच ते टोक आपोआप आत सरकू लागले. आतून कोणीतरी ओढत होते! पद्मलेने ते मनगटाला गुंडाळले.

मग जखम बापाच्या आवाजात बोलली. "शिव गं, बाळ. दगडात फार थंडी आहे. तू शिवलेस की मी सुटेन."

पद्मला ढसाढसा रडली. तिने सुईत दोरा ओवलासुद्धा. पण जखम तळातून वर भरते, वरून मिटली तर आत कुजते, हे तिला बाबांनीच शिकवले होते. राजाला भिऊन त्यांनी जी चूक केली, तीच आता त्यांच्या आवाजात मागितली जात होती. तिने सुई खाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी पट्टी निघेना. तिने जरा ओढताच राजा किंचाळला. पहारेकऱ्याने तलवार उपसली. ऊन भिंतीवरून उतरू लागले होते. एक हिसका द्यावा आणि सुटावे, असे तिला फार वाटले. पण छावणीत चिकटलेली पट्टी कोणी उपटत नसे. ती थेंब थेंब पाणी सोडत बसली. 

आतली पकड ढिली झाली. पट्टी निघू लागली. सात हात, आठ हात, नऊ. टोकाला एक माणिक आले. त्याला पाच चिमुकली बोटे होती आणि ती पट्टीला घट्ट धरून होती.

राजाने तोंड झाकून घेतले. "कालभुजाच्या खजिन्यातून ते मी चोरले. मांत्रिकाला पेटीतले दिसते, भुईतले दिसते. देहातले दिसत नाही. म्हणून मीच ते जखमेत लपवले."

साळुंकी आत आली, माणिक चोचीत धरून ज्याचे त्याला द्यायला उडाली. जखम गप्प झाली.

"आता तरी शिव," राजा म्हणाला.

"नाही, महाराज. आता ती तळातून भरेल."

राजाने मान लववली. पुढे तीन महिन्यांत जखम काठोकाठ भरली. पण त्या क्षणी पद्मला नवी पट्टी भिजवत होती. अंगणात सहा सुया खणखणत फरशीवर पडल्या.

सोमशर्मा आत आला. त्याने आधी कोपरापर्यंत हात धुतले, मग लेकीशेजारी बसला.

"तळ पाहिलास?"

"पाहिला, बाबा."

"मी भ्यालो होतो गं."

"मीही भ्याले होते," पद्मला म्हणाली आणि पट्टीचे टोक तिने त्याच्या हाती दिले.