गोजराची फुंकणी आणि पाटलांचा भाता

काडेपेटी कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. एका राज्याच्या टोकाला, उंच घाटाच्या माथ्यावर एक गाव होतं. तिथे वारा असा सुटायचा की एकदा एका चुलीतली ठिणगी उडाली आणि निम्म्या गावाची गवती छपरं जळून गेली. तेव्हापासून गावाने ठरवून टाकलं, की दिवसा विस्तव राहील तो फक्त धर्मशाळेच्या चुलीत. संध्याकाळी वारा पडला की बायका तिथून खापरीवर निखारे न्यायच्या, रांधायच्या आणि जेवणं झाली की आपापली चूल विझवायच्या.

धर्मशाळेची चूल गोजरा सांभाळायची. तिची हत्यारं तीनच. फुंकणी, चिमटा आणि एक वाकडं उलथनं. रोज निजण्याआधी ती निखारे उलथन्याने एका जागी ओढायची आणि त्यांच्यावर राखेचं पांघरूण घालायची. सकाळी राख सारली की निखारे आत लालबुंद. चार काटक्या, दोन फुंकरा, की चूल पेटली. बारा वर्षांत ती एकदाही विझली नव्हती, आणि गोजराला त्याचा थोडा ताठाही होता. असू दे की! चोख काम करणाऱ्या माणसाने थोडं ताठ चालायला काय हरकत आहे?

धुक्यात तांड्याची चाहूल लागली की याच चुलीवरून कड्यावरची मोठी मशाल पेटवायचे. खालून येणारे तांडे तिच्याकडे बघत अरुंद वाट चढायचे.

गावचे पाटील मोठे हौशी. एकदा ते राजधानीला गेले आणि येताना चामड्याचा, पितळी नक्षीचा भलामोठा भाता घेऊन आले.

"गोजरे, टाक ती नळी," ते म्हणाले. "फुंकून फुंकून डोळे गेले तुझे. हे बघ!"

त्यांनी भाता दाबला. जाळ पुरुषभर उंच उठला. गावाने तोंडात बोटं घातली. पण चुलीतली राखही उठली आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसली.

"राख हवीच कशाला?" पाटील खोकत म्हणाले. "रोज उपसून टाकत जा."

गोजराला ते पटलं नाही. राख गेली तर निखारा कशात राहणार, हे ओठांवर आलं होतं. पण सगळं गाव कौतुकाने बघत होतं, आणि असा भाता आपल्या हाती आला याचं तिलाही अप्रूप वाटत होतं. ती गप्प बसली. रोज सकाळी चूल लख्ख करायची, राख मागच्या वळचणीखाली ओतायची आणि दिवसभर लाकडं घालून जाळ ठेवायचा, असं सुरू झालं.

चौथ्या दिवशी दाट धुकं उतरलं. दुपारी गोजरा लाकडं आणायला गेली आणि हाताला हात दिसेना म्हणून तिला परतायला उशीर झाला. येऊन बघते तर चूल गार! भात्याने फुलवलेल्या जाळात लाकडं भराभर जळून गेली होती. एरवी राखेखाली चार निखारे सहज तग धरायचे. आता ठिणगीसुद्धा नव्हती.

तेवढ्यात खालून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मिठाचा तांडा घाट चढत होता आणि त्यात गोजराचा नवरा भिवा होता.

बायका धावत आल्या. कुणी चकमक झाडली, पण कापूस दमट, तो काही धरेना. कुणी हाका मारायला निघालं.

"हाका नका मारू!" गोजरा ओरडली. धुक्यात हाक एकीकडची दुसरीकडून ऐकू येते. अशाच हाकेमागे गेल्या साली दोन माणसं दरीत गेली होती.

एक बाई रडायला लागली.

"रडून विस्तव येत न्हाई," गोजरा म्हणाली. "वाट द्या."

ती उलथनं आणि चिमटा घेऊन वळचणीखाली, सकाळी ओतलेल्या राखेच्या ढिगाशी बसली. वरची राख दमट होती, ती तिने हलक्या हाताने सारली. खाली कोरडी लागली. तिने तळवा टेकवला. कोमट! मग बोटभर बोटभर राख सारत ती आत गेली. मधोमध गुंजेएवढा एक निखारा डोळा किलकिला करून बसला होता.

पाटील भाता घेऊन धावले. "सर बाजूला! एका दाबात पेटवतो!"

"पाटील, त्यो लांब ठेवा," गोजरा मान वर न करता म्हणाली. "यवढ्याशा जिवाला तुमचा वारा सोसायचा न्हाई."

तिने छपराच्या आतलं कोरडं गवत उपसलं, त्याचं घरटं केलं, चिमट्याने निखारा त्यात ठेवला आणि फुंकणी ओठांना लावली. निखारा लाल झाला, मग काळवंडला. घुंगरं जवळ आली. तिने घाई केली नाही. पहिल्यापेक्षा हलकी फुंकर घातली, मग तिसरी. छातीत श्वास मावेना, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने नळी सोडली नाही. गवतातून धूर निघाला, आणि धुरातून जाळ.

मशाल पेटली. थोड्या वेळाने धुक्यातून एक बैल आला, मग दुसरा. शेवटी भिवा आला, पांढराफटक पडलेला.

"मशाल उशिरा दिसली गं," तो म्हणाला. "माज्या बैलाचा एक पाय कड्याभायेर व्हता."

पाटलांनी मान खाली घातली. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "तो भाता मीच आणला."

"न्हाई पाटील," गोजरा म्हणाली. "भात्याचा काय दोष? त्यो लोहाराला द्या, त्याला कामाचा हाय. चूक माजी. राखेबिगर विस्तव ऱ्हात न्हाई, हे तुमाला ठावं नव्हतं. मला ठावं व्हतं, तरी मी गप ऱ्हायले."

आपल्या हाताला जे नक्की कळलेलं असतं, ते चारचौघांच्या कौतुकापायी कधी सोडू नये.