चवथी दवंडी

एका राज्यात चार वेशी होत्या आणि चारही वेशींवर एकच डफ वाजे. तो गेनबा दवंडीवाल्याचा. गेनबा म्हातारा, बोलायला मऊ, चालायला सावकाश. पण त्याचा हात डफावर पडला की कोसावरची गुरं माना वर करीत.

त्या राज्याची रीत अशी. वस्तू हरवली, गाय चुकली, तर एक थाप. लढाईत नाहीतर पैजेत कुणी हरला, तर दोन. माणूस मेलं, घर त्याला मुकलं, तर तीन. आणि हातचं असून आपल्याच करणीनं गमावलं, तर डफ उलटा धरायचा आणि लाकडी कड्यावर बोटाच्या पेरांनी वाजवायचं. ही चवथी दवंडी द्या म्हणून तीन पिढ्यांत कुणी आलं नव्हतं. डफावर मंत्र होता. तो खरं बोले तोवर चुकलेलं माघारी येई.

राजा विरूपसेनाला सारीपाटाचं वेड. एकदा काजळनाथ मांत्रिक त्याच्यापुढं खेळायला बसला. राजा घोडे हरला, हत्ती हरला, आणि इरेला पेटून त्यानं आपली लेक केतकी पणाला लावली. फासा उलटा पडला. केतकी उठली, मांत्रिकामागं चालू लागली. बापाकडं तिनं वळूनही पाहिलं नाही. गेनबा दाराशी उभा होता. त्यानं सगळं पाहिलं.

सकाळी राजा म्हणाला, “गेनबा, राजकन्या हरवली. एक थाप दे.”

“महाराज, मी दाराशी होतो.”

“मग दाराशीच पुरू का तुला?”

गेनबानं चारही वेशींवर एक थाप दिली.

त्या दिवसापासून राज्यात हरवलेलं सापडेना. आधी सुया गेल्या, कानातले डूल गेले. मग गुरं गेली. मग वाटाच माणसांना चुकवू लागल्या. वेशीबाहेर गेलेला घरी परतेना. आणि एके दिवशी गेनबाची लेक जनाई सरपणाला म्हणून गेली, ती आलीच नाही.

चार दिवस गेनबा थापा देत राहिला. पाचव्या दिवशी त्याची बायको बायजा म्हणाली, “अख्ख्या गावाची गुरं बोलावून आणलीत म्हणं. पोटच्या पोरीला तुमचा डफ ऐकू जाईना होय?”

गेनबा उठला. डफ गळ्यात अडकवून निघाला.

माळावर एका धोंड्यावर टिटवी बसली होती. ती म्हणाली, “बाबा, हरवलेलं सारं काजळनाथाच्या दरीत जमा होतं. तो तीनदा विचारील. तोंडाला येईल ते बोलू नको, असेल ते बोल.”

गेनबा दरीत उतरला. तिथं काजळनाथ बसला होता. अंगाला राख, डोळ्याला पापणी नाही.

“ये दवंडीवाल्या. जे खऱ्या नावानं कुणी मागायला येत नाही, ते माझं. मागून बघ.” त्यानं एक मोडकी तलवार पुढं टाकली. “हे काय?”

गेनबानं पात्यावर बोट फिरवलं. “हा गडी हरला. पळाला नाही, समोरून वार घेतलेत.” त्यानं दोन थापा दिल्या. तलवार उडून आपल्या घराकडं गेली.

मांत्रिकानं दगडाची एक मूर्ती दाखवली. ती केतकी होती. “आणि ही? माझ्याशी डावात हरलेली. दोनच थापा ना?”

गेनबानं मूर्तीच्या दगडी तोंडाकडं पाहिलं. मग म्हणाला, “न्हाई. लेक ही पणाला लावायची वस्तू नव्हं. फाशानं नेली न्हाई, बापानं दिली. राजानं गमावली.” त्यानं डफ उलटा धरला आणि कडं वाजवलं. मूर्तीला डोक्यापासून कमरेपर्यंत जीव आला. पाय दगडाचेच राहिले.

“अर्धीच का?” गेनबानं विचारलं.

“राजाचं तेवढं तू बोललास.” काजळनाथानं लाकडांची एक मोळी पुढं ढकलली. मोळीत विळा खोचलेला होता. “आता हे काय?”

विळ्याची मूठ गेनबानं स्वतः बसवली होती. जनाईच्या हाताच्या मापाची. “कुठं हाय ती?”

“वेशीपासून शंभर पावलांवर. वेस डोळ्यांसमोर असून तिला दिसेना. तिसऱ्या दिवशी तहानेनं गेली.”

म्हाताऱ्यानं विळा मोळीतून काढून कमरेला खोचला. मग त्यानं हात उचलला आणि तीन थापा दिल्या. डफातून आवाज निघेना. पुन्हा दिल्या. चामडं मुकंच.

कमरेपर्यंत जिवंत झालेली केतकी हळूच म्हणाली, “काका, त्या दिवशी तुम्ही दाराशी होतात.”

गेनबानं डोळे मिटले. डफ उलटा केला. पेरांतून रक्त येईतो कडं वाजवलं आणि घसा फोडून ओरडला, “ऐका हो ऐका! गेनबानं भिऊन खोटी दवंडी दिली. त्यापायी आपली लेक जनाई त्यानं गमावली. आपल्या हातानं गमावली हो!”

दरी हादरली. केतकीचे पाय मोकळे झाले. राखेचा एक लोट उठला आणि काजळनाथ वाऱ्यावर गेला. गुरं हंबरत निघाली, माणसं निघाली, वाटा पुन्हा वाटांना जोडल्या. जे मेले होते ते तेवढे उठले नाहीत.

केतकीनं बापाला राजवाड्याबाहेर बोलावलं, त्याच्या हातात डफ दिला. विरूपसेनानं अनवाणी चारही वेशींवर आपली दवंडी आपण दिली, मुकुट लेकीच्या हाती ठेवला आणि रानात निघून गेला.

गेनबा वेशीजवळून जनाईचा देह खांद्यावर घेऊन घरी आला. बायजा उंबऱ्यावर बसली होती. तिनं आधी लेकीकडं पाहिलं, मग त्याच्या फुटलेल्या पेरांकडं. दवंडी तिच्या कानावर आली होती.

“सारं ऐकलंस?” त्यानं विचारलं.

“ऐकलं.”

 ऊन कलेपर्यंत तो तसाच अंगणात उभा राहिला. शेवटी बायजा उंबऱ्यावर जराशी सरकली, आणि तेवढ्या जागेत म्हातारा टेकला.

त्या राज्याच्या वाटा उघडल्या, तशा ऐकणाऱ्यांच्या वाटा उघड्या राहोत. आणि वेळेला खरं बोलायचं बळ ज्याच्या त्याच्या जिभेला येवो.