बाबा निष्कारण हसतात

“आणि वर्णनात काय लिहिलंस?”

सगुणामाईंनी असं विचारलं, आणि श्रीनिवास सरसावून बसला. सकाळपासून तो याच प्रश्नाची वाट बघत होता.

बालाघाटच्या डोंगरातला तो मठ. तिथं मोबाइलला रेंज यायची ती निंबाच्या पाराच्या एका कोपऱ्यात, आणि तीही लहरीवर. त्या कोपऱ्यात पोतं अंथरून त्यानं लॅपटॉप मांडला होता. शेजारी कॅसेटांच्या डब्या रचलेल्या. समोर माई, दुखऱ्या गुडघ्याला एरंडाचं पान बांधून, खोडाला टेकलेल्या.

“आधी शीर्षक ऐका, माई. ‘अपरिग्रहावरील निरूपण’. वक्ता, हंसगिरीबाबा. माध्यम, ध्वनिफीत. ध्वनी, स्वच्छ.”

“बाबांनी जन्मात तोंडातून अपरिग्रह हा शब्द काढला नाही.”

“विषयाला नाव द्यावं लागतं. नाहीतर जगात कुणी शोधणार कसं?”

“बरं रे. दे नाव.”

श्रीनिवास उखळकर शहरातल्या मोठ्या कॉलेजात ग्रंथपाल. जुन्या कागदांचं नि आवाजांचं वर्णन कसं लिहावं, यावर त्यानं डॉक्टरेट मिळवलेली. बाबांमागं मठाच्या गुरू झालेल्या माईंकडे तो आला अनुग्रह मागायला. पहिल्याच दिवशी त्यानं नावाआधी डॉक्टर लावलं, तसा माईंनी गुडघा पुढं केला होता. “बघ बरं, काहून दुखतोय.” तो तसला डॉक्टर नाही हे कळल्यावर म्हणाल्या होत्या, “मग उपयोग काय तुझा?”

शहाण्या माणसाला असलं बोलणं फार दिवस टोचतं.

म्हणून बाबांच्या कपाटात बुरशी धरलेल्या कॅसेटा दिसल्या, तेव्हा त्याच्या अंगात आलं. बाबा जाऊन बराच काळ लोटलेला. मठातला टेपही एका पावसाळ्यात वीज पडून कायमचा बंद झालेला. तेव्हापासून तो आवाज कुणी ऐकलाच नव्हता.

“या मी नेतो,” तो म्हणाला होता. “इंटरनेटवरच्या एका मोठ्या संशोधन-संग्रहात चढवतो. तिथं एकदा चढलं की कायमचं. हा आवाज आता मरणार नाही, माई.”

माई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या होत्या.

“मरणार नाही?”

“शब्द देतो.”

मग त्यांनी कनवटीची किल्ली सोडून त्याच्या हातावर ठेवली. दुसऱ्या कुणाला त्यांनी ती कधी दिली नव्हती.

आज ते काम पुरं होत होतं. मठाची एक रीत होती. हाती घेतलेलं काम संपलं की ते गुरूपुढं ठेवायचं. गुरूनं धुनीचा अंगारा कपाळाला लावला की काम रुजू झालं, आणि माणसालाही अनुग्रह मिळाला. अंगाऱ्याची वाटी माईंच्या मांडीशी होती. श्रीनिवासचं लक्ष राहून राहून तिकडं जात होतं.

“वर्णन वाच की.”

त्यानं घसा साफ केला.

“‘प्रस्तुत निरूपणात बाबा स्वामित्वभावनेचं खंडन करतात. माणसाजवळ स्वतःचं म्हणावं असं काहीच नाही, या वाक्यापाशी ते थांबतात. त्यानंतर दीर्घ मौन. मग बाबा निष्कारण हसतात. हे हास्य म्हणजे विषयातीत आनंदाचा सहज उद्गार होय. संपूर्ण संग्रहातील हा सर्वोच्च क्षण.’”

वाचून झालं. त्यानं वर पाहिलं. या परिच्छेदावर तो आठवडाभर झिजला होता.

“निष्कारण?” माई म्हणाल्या.

“हो.”

“लाव बघू.”

त्यानं लावलं. बाबांचा आवाज पारावर आला… जाड, जरासा घोगरा, कालच कुणी बोलून गेल्यासारखा. मागं ना वारा, ना पाखरू. श्रीनिवासच्या अंगावर आजही काटा आला.

माईंनी डोळे मिटले.

“…माणसाजवळ स्वतःचं म्हणावं असं काहीच नाही…”

मौन.

माई पुढं झुकल्या. ओठ अर्धे उघडे. उंबऱ्यात येऊ घातलेल्या माणसाकडे बघावं, तसा चेहरा.

बाबा हसले.

माईंनी डोळे उघडले.

“मागं घे.”

त्यानं मागं घेतलं. मौन. बाबा हसले.

“आवाज वाढव.”

त्यानं होता तेवढा वाढवला. मौन. बाबा हसले.

“पुन्हा,” माई म्हणाल्या, आणि या खेपेला त्यांनी दुखरा गुडघा टेकवून कान थेट यंत्राला लावला.

मौन…

“काय शोधताय, माई?”

“कौशी कुठंय?”

हे नाव श्रीनिवासनं ऐकलं नव्हतं.

“कौशी कोण?”

“माझी लेक.” माई कान न काढता बोलत होत्या. “मठात आले तेव्हा कडेवर होती. बाबा इथंच बसायचे बोलायला, जिथं तू बसलास. त्या दिवशी त्यांनी सांगितलं, आपलं म्हणावं असं काहीच नाही… आणि मागून शेळीनं त्यांचं उपरणं ओढलं. बाबांनी धरलं एका टोकाला, शेळीनं दुसऱ्या. बाबा सोडीनात, शेळीही सोडीना. कौशी हसली. अशी हसली की ऐकायला आलेली सगळी माणसं तिच्याकडे वळली. मग तिला बघून बाबा हसले.”

श्रीनिवासनं कळीवरचा हात काढून घेतला.

“त्याच उन्हाळ्यात तिला गोवर निघाला,” माई म्हणाल्या. “गेली. ना फोटो, ना काही. कपडे होते, ते दुसऱ्या लेकरांना घातले. मी भगवं घेतलं, तेव्हा बाबा म्हणाले, सगळं सोड. सोडलं. ही कॅसेट तेवढी सोडवेना… बाबांना ठाऊक होतं. ते बोलले नाहीत काही.”

निंबाची पिवळी पानं लॅपटॉपवर पडत होती. कुणीच ती झाडली नाहीत.

“टेप बिघडला, तेव्हापासून नाही ऐकली तिला,” माई म्हणाल्या. “तू म्हणालास, मरणार नाही. मग कुठंय ती?”

आता कुठं श्रीनिवासला आठवलं.

गेल्या उन्हाळ्यात, शहरातल्या बंद खोलीत, त्यानं या कॅसेटा एकेक करून वाजवल्या होत्या. फितींना बुरशीनं इतकं खाल्लं होतं की एकदा वाजली की संपली. वाजता वाजता तपकिरी थर सुटायचा नि यंत्राच्या तोंडाशी पूड साचायची. मागं उरायची ती नुसती पारदर्शक पट्टी. पण आवाज उतरला होता, सगळा. बाबा, कावळे, शेळ्या, खोकला, भांडी. आणि एक पोर, खिदळणारं.

मूळ आवाज जसाच्या तसा जपून ठेवायचा आणि साफसूफ करायची ती दुसऱ्या प्रतीवर. हा पहिला नियम. विद्यार्थ्यांना तो स्वतःच शिकवायचा, आणि चुकणाऱ्याला वर्गाबाहेर काढायचा.

पण हे बाबा होते. बाबांच्या शब्दांत शेळीची भेसळ? उद्या कुणा अडाण्यानं ती गलबल्याची प्रतच जगापुढं ठेवली तर? भक्ती माणसाला आंधळं करते म्हणतात. याला तिनं बहिरं केलं. त्यानं कावळे काढले, भांडी काढली, खोकला काढला. पोर काढलं. मग मूळ प्रती पुसल्या. संगणकाची कचरापेटीसुद्धा रिकामी केली आणि त्या दिवशी अभिषेक उरकल्यासारखा नाहून आला.

वर्णन लिहायला बसला तो दिवाळीनंतर. तोवर बाबा एकटेच हसत होते.

“माई… गलबला होता. मी साफ केला.”

“साफ केला.”

“हो.”

“मग ठेवलास कुठं?”

माणूस घर झाडतो तेव्हा केर कुठंतरी टाकतोच ना, अशा भावानं त्यांनी विचारलं.

एखादी मूळ प्रत शहरात असेल, शोधतो, असं म्हणावं… श्रीनिवासच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यानं आजचा दिवस निभला असता. अंगाराही लागला असता.

“नाही ठेवला,” तो म्हणाला. “पुसला. कुठंच नाही आता.”

माईंनी कान यंत्रापासून काढला आणि सावकाश खोडाला टेकल्या.

आरडाओरडा झाला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“मी करतो काहीतरी,” तो घाईनं म्हणाला. “माई, आजकाल आवाज तयार करता येतो. लहान मुलीचं हसू, अगदी खरं वाटेल असं. त्याच जागी बसवतो. तुम्हांलासुद्धा…”

“कुणाचं लेकरू?”

त्यानं पडद्याकडे पाहिलं.

“सांग की. कुणाचं हसू आणून बाबांपुढं बसवणार आहेस?”

“…कुणाचंच नाही.”

“मग कशाला?”

खाली कुठंतरी शेळ्या ओरडत होत्या. माईंनी तिकडं मान वळवली आणि मग एकदम त्याच्याकडे.

“म्हणजे तू ऐकलंस तिला.”

“अं?”

“पुसायच्या आधी. ऐकलंस ना?”

“हो.”

“मीही ऐकली, पण किती काळ झाला. आता माझं मलाच खरं वाटत नाही. तू तर गेल्या उन्हाळ्यात ऐकलीस.” माई पुढं सरकल्या. तो हात त्यानं आजवर फक्त अंगारा लावताना पाहिला होता. त्या हातानं त्यांनी त्याचं मनगट धरलं. “कशी हसली?”

श्रीनिवासनं डोळे मिटले. आठवायचा प्रयत्न केला. पडद्यावरची हिरवी रेघ आठवली, तिचा वर उडालेला तुरा आठवला. तो तुरा त्यानं बोटाच्या एका दाबानं कापला होता, ते बोटही आठवलं.

आवाज… आवाज नाही आठवला.

“सांग ना, डॉक्टर. एवढं जगाचं वर्णन लिहितोस.”

“नाही आठवत, माई.”

“थोडं?”

“थोडंही नाही.”

मनगट सुटलं.

मग त्यानं लॅपटॉप ओढला. ते सर्वोच्च क्षणाचं वाक्य खोडलं. आनंदाचा सहज उद्गार खोडला. निष्कारण खोडलं. आणि लिहायला लागला. लिहिताना नाक ओढत होता, पुसत नव्हता. झालं तेव्हा वाचून दाखवलं, घसा साफ न करता.

“‘या जागी कौशी नावाची मुलगी हसली होती. शेळीनं बाबांचं उपरणं ओढलं म्हणून. तिला बघून बाबा हसले. मुलीचा आवाज श्रीनिवास उखळकर याने काढून टाकला. मूळ प्रत शिल्लक नाही.’”

“झालं?”

“झालं.”

“खोड.”

त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“माई, हे खरं आहे. शब्द न् शब्द.”

“खरंच आहे. म्हणून म्हणते, खोड. उद्या जगातलं कुणीतरी हे वाचेल आणि तिथं कान लावून बसेल. मागं घेईल, आवाज वाढवील. पुन्हा मागं घेईल.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “एकीला बसवलंस तेवढं पुरे.”

श्रीनिवासचं बोट कळीवर अडलं.

“ती कॅसेट दे.”

त्यानं डबी पुढं केली. आत ती पारदर्शक पट्टी, खाऊन टाकलेल्या किड्याच्या पंखासारखी. डबीच्या कोपऱ्यात यंत्राचं तोंड पुसलेला कापसाचा बोळा अडकून राहिला होता. तपकिरी.

“हे काय?”

“फितीचा थर. वाजताना सुटतो तो. आवाज त्याच्यावरच असतो… असायचा.”

माईंनी बोळा उचलला. नाकाशी नेला. मग तळहातावर हलकेच झटकला. चिमूटभरही पूड नव्हती ती. कुंकू सांडावं तशी, पण मातीच्या रंगाची.

अंगाऱ्याची वाटी मांडीशी होती. माईंनी तिला हात लावला नाही.

अंगठा त्या पुडीत बुडवला.

“जवळ ये.”

“नको, माई. मी त्या लायकीचा नाही. मी काय केलंय ते…”

“जवळ ये म्हटलं.”

तो वाकला. माईंनी त्याच्या कपाळावर अंगठा टेकवला, आणि नेहमी उचलतात तसा लगेच उचलला नाही. तसाच ठेवला.

“आता जुनं होतं तेच लिही. आणि चढव.”

“जुनं?” श्रीनिवासला हुंदका आवरेना. “पण ते खोटं आहे, माई. बाबा निष्कारण हसले नव्हते!”

माईंनी उरलेली पूड पदराच्या टोकाला बांधली. गाठ मारली. निंबाच्या शेंड्याकडे एकदा पाहिलं.

“तेव्हा नव्हते,” माई म्हणाल्या. “आता हसतात.”