जांभळीवरची गर्दी

किती वर्षं झाली कोण जाणे, डोंगरांच्या कुशीत एक रान होतं. तिथं सकाळी इतकं धुकं उतरायचं की पाखरांना आपलेच पंख दिसायचे नाहीत. ओढ्याच्या अल्याड एक आंबा होता, पल्याड एक जांभळी. रानावर राज्य कुणाचं, ते ठरायचं याच दोन झाडांवर.

पद्धत मोठी गमतीची होती. दाट धुक्याच्या सकाळी ज्याला जी बाजू हवी, त्यानं त्या झाडावर जाऊन गुपचूप बसायचं. धुकं विरलं की जे झाड जास्त भरलेलं, त्याचं राज्य. धुक्यात कोण कुठं बसलं ते दिसत नसे, म्हणून कुणाला कुणाची भीती नसे.

वर्षानुवर्षं आंबाच भरायचा. त्यावर धनेश बसायचा, भली मोठी चोच उंचावून. समोर जांभळीवर साळुंकी आणि तिचे मोजके सोबती. गेल्या साली साळुंकीनं पल्याडून जीव तोडून हाका मारल्या होत्या, "अहो धनेशराव, धामण चढतेय! घरटी सांभाळा!"

"हिला दुसरा उद्योगच नाही," म्हणून धनेश हसला होता. त्या दिवशी किती घरटी रिकामी झाली, काय सांगू बाळांनो! धनेश पाखरांच्या मनातून उतरला तो उतरलाच.

पुन्हा धुक्याची सकाळ आली. साळुंकी जांभळीच्या मोठ्या फांदीवर बसली होती. त्याच फांदीच्या ढोलीत तिची पिल्लं झोपली होती. सगळं रान दुधात बुडाल्यासारखं झालं होतं. कुठूनशी मऊ फडफड यायची आणि विरून जायची. ती जवळ होती की लांब, काही कळत नव्हतं. पानांवरून दव टपकत होतं. 'खरंच कुणी येतंय, की मी जागेपणी स्वप्न बघतेय?' साळुंकी कान देऊन ऐकत होती.

हळूहळू ऊन झिरपलं. पाहते तो काय, जांभळी गच्च भरलेली! बुलबुल, होले, चिमण्या, सगळे तिच्याच भोवती. साळुंकीला रडूच फुटलं.

पण धुकं विरल्यावर झाड बदलू नये, असं त्या रानात कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आंब्यावरची पाखरं लगबगीनं इकडे येऊ लागली. पोपट तर अगदी खेटून बसला. "ताई, मनानं मी कायम इकडचाच हो! पाय तेवढे तिकडे पडले." बघता बघता आंबा ओस पडला. उरला एकटा धनेश.

जांभळीवर नुसता जयजयकार चालला होता. साळुंकी त्या गोड आवाजात तरंगत होती. एवढ्यात आंब्यावरून धनेश ओरडला, "अगं साळुंकी, फांदी बुडाशी तडकतेय! तुझी पिल्लं आहेत ना ढोलीत?"

"जळतोय मेला," बुलबुल म्हणाला. "लक्ष देऊ नका, ताई."

साळुंकीलाही क्षणभर तसंच वाटलं. मग आपल्याच जुन्या हाका तिला आठवल्या. तिनं वाकून पाहिलं. फांदीला खरंच चीर गेली होती.

"उडा! सगळे उडा!" ती किंचाळली. "ज्यांनी आंबा निवडला, त्यांनी आंब्यावरच बसा. लाजू नका. तिथूनच माझ्या चुका मला ओरडून सांगा!"

पाखरं उडाली, तशी फांदी हलकी होऊन सावरली. ढोलीतून कोवळी चिवचिव आली आणि साळुंकीचा जीव भांड्यात पडला.

पुढं धनेश रोज समोरून काही ना काही खोट काढायचा. साळुंकी चिडायची, पुटपुटायची, पण ऐकायची. तिच्या राज्यात एकही घरटं रिकामं झालं नाही.

म्हणून जिंकणाऱ्यानं विरोधकाची जागा आधी राखावी. आपल्या पायाखालची चीर समोरच्यालाच दिसते.