तिम्माबाईचं ‘येते’

फार वर्षांपूर्वी, हिंगणमाळात पिठाची गिरणी कुणी स्वप्नातही पाहिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा ज्याचं पीठ त्याच्या जात्यावर. पहाटे बायका उठायच्या, दोघी समोरासमोर बसायच्या, एका खुंट्याला दोघींचे हात लागायचे आणि जातं फिरायचं. आता दगडावर दगड वर्षभर घासला की दोन्ही गुळगुळीत होतात. मग दाणा नुसता गोल गोल फिरतो आणि पीठ काही पडत नाही. अशा वेळी सगळं गाव वाट बघायचं ती तिम्माबाईची.

तिम्माबाई वडाराची. सुगी आटोपली की एका गाढवावर संसार लादून यायची आणि वेशीतूनच हाक द्यायची, “जात्याला टाकीऽऽ!” टाकी म्हणजे दगड फोडायची छिन्नी. जात्याचे दोन्ही दगड वेगळे करून ती त्यांवर बारीक खाचा पाडायची आणि दगडाला पुन्हा धार यायची. तिच्याकडे चाळीस गावं होती असं म्हणतात. चाळीस गावांतल्या घराघराच्या अंगणात ती वर्षातून एकदा तरी घटकाभर बसलेली असायची. इतकी घरं आतून पाहिलेलं माणूस त्या मुलखात दुसरं नव्हतं.

अंगणात बसलेल्याला घरातलं सगळं दिसतं. तिम्माबाईलाही दिसायचं. वयात आलेलं, चांगलं हसतंखेळतं पोर एखाद्या घरात एकाएकी पालटायचं. मुलगा असो की मुलगी. समोर कुणी नसताना कुणाशी तरी बोलायचं, आईनं वाढलेल्या ताटाला हात लावायला भ्यायचं, चार चार दिवस झोपायचं नाही. लोक म्हणायचे, वारं लागलं, बाहेरचं झालं. आणि घरचे काय करायचे? दार लावून घ्यायचे. पाठच्या बहिणीचं लग्न मोडेल ही धास्ती! त्या दाराआड मग सगळे एकच विचारत राहायचे, की हे पुन्हा माणसात येईल का?

देवऋषी याचं उत्तर लगेच द्यायचा. पण आपलं उत्तर खरं झालं का, हे बघायला तो पुढल्या वर्षी येत नसे. तिम्माबाई यायची. गेल्या वर्षीचं पोर यंदा कसं आहे, तीन वर्षांपूर्वीचं कसं आहे, हे तिला ठाऊक असायचं. वर्षं गेली तसं तिला कळायला लागलं, कोण माणसात येतं आणि कोण मागे राहतं.

ती आधी एवढंच विचारायची, “किती दिस झालं?” कुणी म्हणायचं, आठ दिवस. कुणी खालच्या आवाजात म्हणायचं, दोन वर्षं, पण मावशी, कुठं बोलू नका. मग टाकी लावून झालेलं जातं मांडून ती त्या आजारी पोराला खुंट्यापाशी बसवायची आणि दूर होऊन बघत राहायची. सगळ्यांना वाटायचं, ती पोराकडे बघते. ती बघायची त्याच्या समोरच्या रिकाम्या जागेकडे. घरातलं कोण येऊन तिथं बसतं, किती वेळानं बसतं, की कुणीच बसत नाही. नुसत्या जात्याच्या आवाजावरून तिला पुढची पाच वर्षं ऐकू यायची, असंही म्हणतात. मला विचाराल तर तिला ती जागा दिसायची, एवढंच.

जे घर सावरायला वेळ लागेल असं तिला वाटायचं, तिथं ती एक काम करायची. निघताना जात्याच्या कडेला टाकीनं एक बारीक खूण करायची, चिमणीच्या पावलाएवढी. तिला लिहिता येत नव्हतं. चाळीस गावांतलं कुठलं घर विसरू नये म्हणून ती खूण. पुढल्या वर्षी घरच्यांनी लपवलं तरी दगड सांगायचा, इथं विचार. पोर बरं झालं की ती आपल्या हातानं ती खूण घासून टाकायची.

आता लोक काय मोजतात बघा. ज्या घरी पोरं लवकर बरी झाली, तिथल्या जात्यावर काही नाही. ज्या घरी वर्षानुवर्षं तसंच, तिथं चिमणीचं पाऊल. झालं, चाळीस गावांत बोलबाला झाला, तिम्माबाईनं खूण केली की ते माणूस गेलं समजा. आधी तिला “ए टाकीवाले” म्हणून हाक मारणारे आता “मावशी, मावशी” करत पाट मांडायला लागले. ही कुजबुज तिच्याही कानावर आली होती. एका शब्दात तिला ती मोडता आली असती. पण पाट मिळत होता, मान मिळत होता, आणि तिम्माबाई गप्प बसली. आमच्या गावात तिचं इतकं नाव घेतात, पण ही गोष्ट कुणी गाळत नाही.

अशात एका सालात हिंगणमाळच्या हैबतीच्या घरी अनसा आजारी पडली. अनसा त्याची थोरली लेक, लग्न ठरलेली, भरल्या दोन घागरी घेऊन चढ चढताना गाणं म्हणणारी. ती एक दिवस विहिरीवर उभी राहिली ती हलेचना. पाण्यातून मला हाका मारतात, म्हणाली. तिम्माबाई आली तेव्हा पंधराच दिवस झाले होते. अनसाला खुंट्यापाशी बसवलं आणि तिची आई सगुणा हातातलं पीठ तसंच घेऊन धावत येऊन समोर बसली. तिम्माबाईला बरं वाटलं. ती म्हणाली, “येतीया ही माणसात. पर दम धरा, येळ लागंल.” आणि निघताना सवयीनं तिनं खूण केली.

तिची पाठ वळली आणि शेजारची कोंडाबाई जात्याशी वाकली. “अगं बया सगुणे,” ती म्हणाली, “पाऊल उमटलंय गं!”

तोंडानं सांगितलेलं सगळे विसरले. दगडावरचं खरं ठरलं. आठ दिवसांत लग्न मोडलं. सगुणा पहाटे एकटीच दळायला लागली, समोर बसून काय उपयोग? अनसा विहिरीकडे धावायची म्हणून हैबतीनं तिला गोठ्यात नेऊन दाव्यानं बांधलं. भाकरी लांबून सरकवायचे. तिच्याशी बोलणं हळूहळू सगळ्यांनीच सोडलं, आणि मग ती जास्तच त्या पाण्यातल्या हाकांशी बोलायला लागली.

वर्षानं तिम्माबाई आली. जातं उलटं केलं, खूण पाहिली आणि विचारलं, “अनसा कुठाय?”

हैबती म्हणाला, “मावशी, तुमीच तर खूण केली. तवाच समजलो आमी, पोर गेली.”

गोठ्यात अनसा बसली होती. केसांच्या जटा झालेल्या, मनगटाला दाव्याचा वळ. तिम्माबाईनं तो वळ बघितला. तिला चाळीस गावांतली ती सगळी जाती आठवली, ज्यांच्यावर वर्षानुवर्षं पाऊल तसंच होतं. तिचं म्हणणं कधी खोटं पडलं नाही, असं लोक म्हणायचे. खोटं पडणार कसं? ते खरं करायला घरचेच बसले होते.

ती ओरडली म्हणतात. वेशीपर्यंत ऐकू गेलं. “निघताना माणूस ‘जाते’ म्हणतं व्हय रं? ‘येते’ म्हणतं! तेच म्या दगडावर काढत हुते. येते. पुना येते. तुमी त्याचं ‘गेली’ केलं, आन मला कळून म्या तोंड उघडलं न्हाई. माजं पाप हाय ह्ये.”

त्या वर्षी तिम्माबाई पुढल्या गावाला गेली नाही. चाळीस गावांची जाती बोथट झाली आणि लोकांनी भरडा शिजवून खाल्ला असं म्हणतात. तिनं आपल्या टाकीनं दावं तोडलं. रोज सकाळी ती अनसाला जात्यापाशी आणायची, समोर बसायची आणि एकटीच ओढायची. अनसा खुंट्याला हात लावत नसे. महिना गेला, दोन गेले. एकदा तर तिनं दाण्यांचं सूपच उधळलं. हैबती म्हणाला, “बघा, म्हनलं हुतं की!” तिम्माबाई दाणे वेचत म्हणाली, “टाकी लावल्यावर पयलं पीठ कचकचीतच येतंय. तेवढं सांडायचं. जातं फेकतंय व्हय कोन?”

सगुणा हे सगळं दारातून बघायची. बघायची आणि आत जायची. आपण वर्षभर या लेकीकडे पाठ केली, आता कुठल्या तोंडानं समोर बसू, हे तिला खात होतं. एक दिवस अनसा दगडाकडे बघत हळूच म्हणाली, “मावशी, आई कवा येनार?” वर्षाभरात तिनं कुणाविषयी विचारलेलं ते पहिलं. तिम्माबाई उठली आणि तिनं जागा रिकामी केली. सगुणा आली. बसली. रडत रडतच तिनं खुंटा धरला, आणि मग त्याच खुंट्यावर, तिच्या हाताच्या वर, अनसाचा हात आला. त्या सकाळी जात्यातून पीठ पडलं ते दुधासारखं पांढरं, आणि सूपभर दाण्यांचं पीठ गावभर वाटूनही संपेना, असं म्हणतात. सगुणा रडत होती तोवर जातं थांबलं नाही, असंही म्हणतात. त्याला काही मोजमाप नाही.

अनसा माणसात आली. अगदी पहिल्यासारखी झाली असं मी सांगणार नाही. विहिरीतल्या हाका तिला पुढेही कधी कधी यायच्या. पण ती घागर भरता भरता सोबतिणीला सांगायची, “आज पुन्हा ऐकू येतंय गं, जरा थांब माझ्याजवळ,” आणि सोबतीण थांबायची. तिच्या हातच्या भाकरी गावानं पुढं कितीतरी वर्षं खाल्ल्या.

निघायच्या आधी तिम्माबाईनं हिंगणमाळातल्या एकूण एक जात्यावर पाऊल काढलं. आजारी असो, धडधाकट असो, पाटलाचं असो, महाराचं असो. अनसा सोबत राहून दगड धरत होती. आता कोण गेलं आणि कोण राहिलं, हे दगड बघून कुणाला सांगता येईना. मग ती बाकीच्या एकोणचाळीस गावांना गेली, दावी तोडत आणि खुणा काढत. त्यातलं कुठलं गाव तिचं शेवटचं, ते कुणाला माहीत नाही. तिचं गाढव तेवढं एकटं आमच्या वेशीत आलं, पाठीवर टाकी बांधलेली.

ती टाकी अजून मारुतीच्या देवळात आहे. आता जाती कुणी फिरवत नाही, अंगणात पडून असतात. तरी नवीन घर बांधलं की त्याच्या उंबऱ्यावर त्याच टाकीनं पाऊल काढतात. आणि कुणाचं पोर असं पालटलं की आमच्यात ‘बरं होईल का’ असं विचारायची रीत नाही. विचारतात, “किती दिवस झाले?” आठवडा उलटायच्या आत त्याला तालुक्याला डॉक्टरांकडे नेतात, गोळ्या चालू करतात, आणि रोज एका घरचं माणूस जाऊन त्याच्या समोर बसतं. भाजी निवडतं, शेंगा फोडतं, पोर बोललं तर बोलतं.

उठताना ते माणूस उंबऱ्यावरच्या पावलाला हात लावतं आणि, बाई असो की पुरुष, “येते” म्हणतं. इतर गावांत हा शब्द सहज म्हणतात. हिंगणमाळात त्या घरातून निघताना तो म्हटला, की दुसऱ्या दिवशी यावंच लागतं.