लाडोबाचा अंगठा

फार फार वर्षांपूर्वी, आमच्या गावच्या पावणाईचं देऊळ अजून गवती छपराचं होतं, तेव्हा तिथं लाडोबा गुरव पूजा करायचा. त्याच्या हातचा कौल कधी चुकला नाही, असं म्हणतात. कौल म्हणजे देवीच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पाकळी पडली की वाद मिटला. किती सोपे दिवस होते ते!

एका वर्षी गावातली गुरं पटापट मरायला लागली. सगळ्यांचं बोट भागीकडे गेलं. बाई विधवा, एकटी, त्यात तोंडाची फटकळ. म्हणे, तिनंच करणी केली. गावाचा मानकरी रवळोजी, त्यानं कौल मागितला, "भागी निर्दोष आसा काय?" डावी पाकळी टपकन पडली. दिवस मावळायच्या आत भागीनं गाव सोडावा, असं ठरलं.

लाडोबा घरी येऊन जेवायला बसला आणि पहिल्याच घासाला त्याला भागीचे शब्द आठवले. मागच्या जत्रेत भागीनं त्याला चारचौघांत नारळचोर म्हटलं होतं. आणि आज डावी पाकळी त्यानं नीट भिजवलीच नव्हती, अंगठाही हलकाच टेकवला होता. मुद्दाम? नाही. पण नकळत म्हणावं, तर तेही खोटं. आजवरचे किती कौल असेच लागले असतील, या विचारानं त्यानं हातातला घास खाली ठेवला. कबूल करावं तर पिढ्यांचा मान जाणार, गप्प बसावं तर बाई देशोधडीला लागणार. तो पानावरून उठला.

भागी गाठोडं घेऊन वेशीपर्यंत पोचली होती. लाडोबानं तिची वाट अडवली आणि जमलेल्या गावाला सांगितलं, "कौल खोटो नाय. लावणारो खोटो. हिचो राग माझ्या आंगठ्यात होतो."

रवळोजी भडकला. "म्हणजे देवी बोलणा नाय?"

"बोलता. पण माझो आंगठो मधीच बडबडलो, तर तिचा ऐकाक कसा येतला? आणि डोळे कोणी दिल्यान आमका? तिनाच मा? चला, गुरा पाणी खंय पितत ता बघूया."

सगळे ओढ्याच्या कोंडीवर, गुरं पाणी प्यायची त्या डोहावर गेले. पाण्यावर मेलेले मासे तरंगत होते आणि काठाला विषारी फळांचा चोथा पडला होता. मासे गुंगून वर यावेत म्हणून तो रवळोजीच्याच घरच्यांनी पाण्यात टाकला होता, त्यांची टोपली अजून तिथंच होती. भागी गाठोडं उचलून आपल्या घरी परत गेली.

पाषाणावर राहिलेली उजवी पाकळी पुढं वर्षभर ताजी होती, असं म्हणतात. मी काही पाहिली नाही, पण खरी असावी असं फार वाटतं.

आता देवळावर पत्रे आले, ती माणसंही गेली. पण आजही आमच्याकडे कौलाआधी विचारणाऱ्याला देवीसमोर मोठ्यानं सांगावं लागतं, "माका ह्या उत्तर होया," म्हणजे आपल्याला कोणतं उत्तर हवंय ते. याला लाडोबाची कबुली म्हणतात. पुष्कळ जण एवढं बोलतात आणि कौल न लावताच घरी जातात.